कोंबड्यांची लस आणि भाऊजींचं लिव्हर

१५ मार्च १९९७, शनिवार. बँक अर्ध्या दिवसाची होती. घरी येऊन जेवले आणि फ्रिज बंद करून त्यातला बर्फ काढायला बसले. वरच्या कप्प्याचं दार बर्फामुळे लागेनासं झालं होतं आणि होळीच्या आत हे काम उरकायचं होतं. यजमान ऑडिटसाठी वलसाडला गेले होते, त्यामुळे परात, फडकी, भाज्या स्वयंपाकघरभर पसरायला मी मोकळी होते.

बर्फ निम्मा सुटला तेवढ्यात धाकटा भाऊ आला. नवापूरहून गाडीत बसून इथे सुरतेत, उधन्याला उतरला होता. कपड्यांची पिशवी नाही, फक्त हातात एक थर्मास, आइसक्रीमवाले वापरतात तसला रुंद तोंडाचा.

"अक्का, फ्रिजमध्ये जागा आहे का?" त्यानं दारातूनच विचारलं.

"फ्रिजच बंद आहे. काय आणलंस?"

"औषध. गार राहिलं पाहिजे."

"कुणाचं?"

"तुझ्या दिरांसाठी आहे."

"ते कळलं. पण औषध कुणाचं? कुठल्या डॉक्टरनं दिलं?"

"डॉक्टरनं नाही दिलं. माझंच आहे," तो म्हणाला आणि चपला काढायला वाकला. "म्हणजे, माझ्या कोंबड्यांचं."

मी फडकं पिळून परातीच्या कडेला टाकलं आणि त्याला बसायला सांगितलं.

माझ्या भावाचं नवापूरजवळ पोल्ट्री फार्म होतं. त्याच्या आधीच्या काही वर्षांत कोंबड्यांत गंबोरो नावाचा रोग आला आणि आमच्या बाजूच्या किती तरी शेड रिकाम्या झाल्या. तेव्हापासून पिल्लं जराशी मोठी झाली की तो प्रत्येकाच्या डोळ्यात लशीचा थेंब टाकायचा. ही लस जिवंत विषाणूची असते. रोगाचाच विषाणू, पण अशक्त केलेला. औषधाच्या दुकानात इवल्याशा काचेच्या बाटलीत वाळवलेली वडी मिळते, सोबत पातळ करायचं पाणी आणि थेंब टाकायची नळी. हे सगळं मी त्याच्या शेडवर पाहिलं होतं.

आता त्यानं खिशातून एक कात्रण काढलं. गुजराती पेपरच्या रविवारच्या पुरवणीतला कोपऱ्यातला मजकूर. बाहेरच्या कुठल्याशा देशात काही डॉक्टर लिव्हरच्या रोग्यांवर एक प्रयोग करत होते. ते कोंबड्यांच्या गंबोरोचा अशक्त विषाणू रोग्याला देत होते. माणसाला त्यानं आजार होत नाही, पण शरीर खडबडून जागं होतं आणि त्या भरात काविळीच्या विषाणूलाही हाकलून लावतं, अशी त्यांची कल्पना होती. खाली 'प्रयोग सुरू आहेत' एवढंच होतं.

"त्याच रोगाचं नाव आहे, अक्का. मी रोज हाताळतो ते. माझ्याकडे पडलेलं औषध तिकडे माणसांना देतायत."

"तिकडचं नि तुझं एकच कशावरून?"

"विषाणू तोच ना?"

"बायोलॉजीत तू काय दिवे लावले होतेस ते मला माहीत आहे."

तो हसला नाही. मीही पुढे चिडवलं नाही, कारण विषय भाऊजींचा होता.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सुरतेजवळच्या सचिन गावी कापड रंगवायच्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्तर होते. कोसाडला हाउसिंगच्या घरात बायको आणि आमच्या सासूबाई यांच्यासोबत राहायचे. मिलमध्ये रक्तदानाचं शिबिर झालं, तेव्हा त्यांचं रक्त परत आलं आणि हिपॅटायटिस बी निघाली. तेव्हा त्यांना काहीच होत नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पुढे डोळे पिवळे झाले, मग पाय सुजले आणि त्या हिवाळ्यात पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी पाणी काढलं, मीठ बंद केलं, लघवीच्या गोळ्या दिल्या आणि आराम सांगितला. लिव्हर सुधारेल असं औषध काही दिलं नाही. शिफ्ट सुटली. दिवसभर खाटेवर बसून ते खिडकीतून रस्ता बघायचे.

डॉक्टर एकीकडे आणि आमच्या लोकांचं एकीकडे, असं चाललं होतं. गळ्यात काविळीची माळ घालून झाली, जी रोज लांब होते आणि पायापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. बारडोलीकडच्या एका गावातली बाई कुकडवेलीच्या कडू फळाचं पाणी नाकात सोडायची. तिथेही नेऊन आणलं. हे औषध रविवारी किंवा बुधवारी, सूर्य उगवायच्या आत आणि अनशापोटी घ्यायचं असतं. थेंब नाकात गेला की दिवसभर नाकातून पिवळं पाणी गळतं. भाऊजींच्याही नाकातून गळलं आणि त्यांना हलकं वाटलं. डोळे होते तितकेच पिवळे राहिले, पण घरात सगळ्यांनी ते पाणी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून नाकातल्या थेंबावर त्या घराचा जेवढा विश्वास होता, तेवढा गोळ्यांवर नव्हता.

भाऊ शनिवारी का आला ते आता माझ्या लक्षात आलं.

"कोसाडला सांगून टाकलंस?"

"शेजारच्या पी.पी. नंबरवर फोन केला होता. वहिनीच बोलल्या, तुझ्या जाऊबाई. मी म्हटलं, थेंबाचं औषध आहे. त्या म्हणाल्या, मग उद्या रविवारच आहे."

"नाकात टाकायचं?"

"कोंबड्यांना डोळ्यात टाकतो. नाकातही चालतं. त्यांना नाकाची सवय आहे, म्हणून."

म्हणजे सगळं ठरलं होतं. प्लेगच्या वर्षी अख्ख्या सुरतेनं कुणालाही न विचारता टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल खाल्ल्या होत्या, त्या मानानं हे काही फार वेगळं नव्हतं. मी मोरीत परात ओतली, फ्रिजच्या कप्प्यातला उरलेला बर्फ त्याच्या थर्मासमध्ये बाटल्यांभोवती भरला आणि साडी बदलली.

"चल, डॉक्टरांना विचारू."

"डॉक्टर नाहीच म्हणणार."

"मग ते नाही ऐकून घेऊ. बाटल्या बरोबर घे."

भाऊजींचे डॉक्टर रिंग रोडला बसायचे. गुजराती गृहस्थ, वयानं माझ्याएवढेच. दवाखान्यात गर्दी होती, तरी त्यांनी कात्रण पूर्ण वाचलं. मग एक बाटली हातात घेऊन चष्मा कपाळावर सरकवला आणि लेबल डोळ्यांजवळ नेलं.

"बेन, आ तो मरघांनी रसी छे." ही तर कोंबड्यांची लस आहे.

"हो. माझ्या भावाची आहे."

आम्हाला रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. म्हणाले, कल्पना वेडी नाही. कधी कधी एका माणसात दोन विषाणू शिरले की एक दुसऱ्याला दाबून टाकतो, हे त्यांनीही ऐकलं होतं. पण तिकडे ती वस्तू माणसांसाठी वेगळी तयार केली असणार, मोजून दिली असणार आणि रोज रक्त तपासलं असणार. ही बाटली शेडसाठी भरलेली आहे. हिच्यात आणखी काय आहे ते कुणी बघितलेलं नाही, कारण माणूस ती घेणार असं भरणाऱ्याच्या मनातही नव्हतं.

"तमे आपशो, तो जोशे कोण?" तुम्ही द्याल, पण लक्ष कोण ठेवणार? "बरा झाला तर कशानं झाला ते कळणार नाही. गेला तर कशानं गेला तेही कळणार नाही."

भावानं विचारलं, "मग तुमच्याकडे दुसरं काय आहे?"

डॉक्टरांनी बाटली परत त्याच्या हातात दिली. "इंटरफेरॉन नावाचं इंजेक्शन आहे. पण पोटात पाणी झालेल्या पेशंटला ते देत नाहीत, उलट बिघडतं. लिव्हर बदलायची सोय आपल्याकडे नाही. त्यामुळे माझ्याकडे मीठ बंद आणि गोळ्या. बस."

बाहेर पडल्यावर भाऊ म्हणाला, "ऐकलंस? त्यांच्याकडे काहीच नाही."

"ऐकलं. तुझ्याकडे काही आहे असंही ते म्हणाले नाहीत."

रिक्षानं तापी ओलांडून अमरोलीवरून कोसाडला पोचलो, तेव्हा दिवे लागले होते. जावेनं आमच्यासाठी खिचडी टाकली होती आणि भाऊजींची बिनमिठाची मुगाची डाळ वेगळी. ती लगबगीत होती. भिंतीशी तांब्या, स्वच्छ फडकं आणि पाट उद्या पहाटेसाठी आत्ताच मांडून ठेवलेले होते. भाऊजी खाटेवर बसले होते. हात काटकुळे आणि पोट पुढे. नखांच्या कडांना मिलमधला निळा रंग होता तो अजून पुरता गेला नव्हता.

"या वहिनी," ते म्हणाले. "उद्यापासून मी अंडी देणार, असं ऐकलं."

"आधी डाळ संपवा, मग अंड्यांचं बघू."

सासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. "कोंबडीनं औषद मानूसले लागू पडी का?" त्यांनी आपल्या अहिराणीत माझ्या भावाला विचारलं.

"परदेशात देतात, आई."

"डॉक्टर काय म्हने?"

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, गाळलं काही नाही. इंजेक्शन चालणार नाही हेही सांगितलं आणि त्यांच्याकडे दुसरं काही नाही हेही. सासूबाई म्हणाल्या, "मना पोऱ्या पिवया पडी गया, अन् तो म्हनस मीठ सोड. मिठनी काय बिघाडं?"

जाऊ मात्र सरळ माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही नको म्हणायला आलात का?"

"मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला आले."

"त्यांनी हात वर केले, हेच ना? मग आम्ही काय करायचं? बघत बसायचं? तुमचे यजमान उद्या वलसाडहून धडधाकट परत येतील. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. तिनं पदराला हात पुसले आणि खिचडीखालचा गॅस बंद केला.

भाऊजींनी भावाला जवळ बोलावलं. त्यांना बाटली बघायची होती. त्यांनी ती दिव्याकडे धरून हलवली, तळाची पांढरी वडी हलते का बघितली. त्यांचा सगळा जन्म पावडरी पाण्यात विरघळवण्यात गेला होता.

"याचा घोळ कसा करायचा?"

भाऊ उत्साहानं सांगू लागला. पाणी गार हवं, नळाचं नको, क्लोरीननं विषाणू मरतो. हलक्या हातानं हलवायची, फेस येऊ द्यायचा नाही. मग नळी लावायची. पिल्लू डाव्या हातात धरायचं, मान अंगठ्यानं आडवी करायची, थेंब टाकायचा आणि पिल्लानं डोळा मिटून उघडेपर्यंत सोडायचं नाही. हे सांगताना त्याचा डावा हात आपोआप वाटीसारखा झाला होता.

"आणि सगळ्या पिल्लांना देतोस?" मी विचारलं.

"सगळ्यांना. एकही सुटलं तर शेडमध्ये रोग राहतो."

"आजारी असेल त्यालाही?"

त्याचा हात तसाच राहिला.

"आजारी लॉटला नाही देत," तो म्हणाला.

"का?"

"सर्दी असेल, हगवण असेल, तर आधी ते बरं करायचं. मग लस."

"का पण? आधी दिली तर?"

"मरतुक वाढते." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "लस म्हणजे पण रोगच असतो ना थोडा. पिल्लात ताकद असेल तर ते पेलतं."

सासूबाईंच्या हातातली वात वळायची थांबली. भावाच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, की हे त्याच्या मनात आत्ता पहिल्यांदा आलं होतं. शेडच्या दारात उभं राहून कुठलं पिल्लू बाजूला काढायचं हे तो एका नजरेत ठरवायचा. भाऊजींच्या बाबतीत ती नजर त्यानं वापरली नव्हती, कारण भाऊजी पिल्लू नव्हते आणि तो त्यांना वाचवायला निघाला होता.

भाऊजींनी विचारलं, "आजारी म्हणजे किती आजारी?"

"पंख सोडून बसलेलं असलं तर देतच नाही," भाऊ म्हणाला.

भाऊजींनी आपल्या पायांकडे पाहिलं. सुजेमुळे चपलेचे पट्टे उघडेच ठेवलेले होते. "मी किती दिवस बसून आहे या खाटेवर," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी बाटली भावाला परत दिली. "जेवून घ्या. खिचडी गार होतेय."

आम्ही जेवलो. जाऊ वाढत होती, पण माझ्या ताटाकडे न बघता. निघताना मी थर्मास स्वतः उचलला आणि रिक्षात मांडीवर ठेवला. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "मी आधी हे बोलायला हवं होतं."

"विचारल्यावर बोललास. झोप आता."

रविवारी सकाळी त्याला गाडीत बसवायला उधना स्टेशनवर गेले. ऊन प्लॅटफॉर्मवर आलं होतं. गाडी लागली तरी तो चढेना.

"अक्का, एक बाटली तिकडे राहिली. नळी आणि पाण्यासकट."

"राहिली, की ठेवलीस?"

"वहिनींनी मागितली. तू हात धूत होतीस तेव्हा. म्हणाल्या, नुसती असू दे घरात. मला नाही म्हणता आलं नाही."

मी त्याला गाडीत चढवलं आणि बाहेर येऊन रिक्षा केली. उन्हाकडे बघून मला एकच गोष्ट कळत होती. औषधाची वेळ टळून गेली होती. द्यायचं असतं तर देऊन झालं असणार.

कोसाडला दार उघडंच होतं. जाऊ उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही.

"दिलंस का?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही. मग सुपातला खडा बाहेर टाकत म्हणाली, "पहाटे उठले. घोळ केला, तुमच्या भावानं सांगितला तसा. उशाशी जाऊन उभी राहिले. हे जागेच होते. म्हणाले, किती थेंब?"

"मग?"

"मला माहीत नव्हतं. कोंबडीला एक. माणसाला किती ते कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणाले, मग बाजूला ठेव आणि चहा टाक."

भाऊजी आत खाटेवर टेकून बसले होते. चहाचा कप रिकामा होता. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवलेली त्यांनी मला बोटानं दाखवली.

"वहिनी, तेवढी संपवून टाका. गटारात ओतू नका, कुणाच्या तरी कोंबड्या फिरत असतात."

"उकळली की मरते."

"मग उकळा. घरात राहिली तर मी घेईन. आज नाही घेतली, पण पुन्हा पाणी चढलं पोटात की घेईन. मला माझं माहीत आहे."

जाऊ दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं फळीवरचं एक लहान पातेलं काढलं, त्यात पाणी घातलं आणि ते गॅसवर माझ्यापुढे ठेवलं. आधण आल्यावर मी बाटली नळीसकट आत सोडली. पाणी चांगलं खळखळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. मग मी आणखी काही वेळ ते तसंच उकळू दिलं. जाऊ म्हणाली, "ताई, दुपारी थांबाल का? मला जरा पडायचंय." मी थांबते म्हटलं.

पाणी निवल्यावर बाटली कागदात बांधून कचऱ्यात टाकली आणि पातेलं घासायला घेतलं. सासूबाई मोरीच्या दारात आल्या. "त्या पातेलामा आते काही रांधू नका," त्या म्हणाल्या. मी ते दोनदा घासलं, पुसलं आणि संध्याकाळी घरी न्यायच्या माझ्या पिशवीत घातलं. मग भाऊजींची डाळ लावली, मीठ न घालता.